सावुतीच्या वाटेवरची पाहुणी

माऊन,
१४ एप्रिल

प्रिय मोत्सो,

तुला, सूनबाई वारोनाला आणि आमच्या छोट्या आतांगला पोटभर आशीर्वाद. कसे आहात सगळे? आम्ही बरे आहोत. तिकडे पाऊस झाला का? इकडे यंदा उशिरा आला आणि पाहुण्यासारखा उभ्याउभ्याच गेला. पण वरच्या देशातून नदीला पाणी येईल म्हणतात, तेव्हा गुरांची काळजी नाही. तुझ्या नावाची तांबडी गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे.

पाकीट बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर बोलायचं तर तुझे बाबा शेजारीच असतात. हल्ली ते माझ्यापासून फार लांब जात नाहीत. मी शिवायला बसले की तेही खुर्ची घेऊन मशीनजवळ बसतात. आत्ता जेवून झोपलेत, म्हणून ही पानं काढली.

तर बातमी अशी, की आम्ही दोघं सफारीला निघतोय. हसू नकोस. लॉजच्या गाडीतून नाही, आपल्या स्वतःच्या.

तुला आठवत असेल, लॉजच्या वाटाड्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती पांढरी लँड क्रूझर घेतली. तू तेव्हा गाबोरोनेला जाऊन वर्ष झालं होतं. शेजारचे म्हणाले, म्हातारपणी माणूस गुरं घेतो, यानं गाडी घेतली. तेव्हा ते मला म्हणाले होते, "इतकी वर्षं लोकांच्या बायकांना रान दाखवलं. आता माझ्या बायकोला दाखवणार. कुणाची वेळ नाही, कुणाची शिट्टी नाही. वाटेल तिथे थांबायचं." मी म्हटलं, माझे शाळेचे गणवेश शिवून होऊ देत, मग जाऊ. गणवेश काय, दर जानेवारीला असतातच.

मग रोज संध्याकाळी चहा घेताना आमची सहल अंगणातच सुरू व्हायची. आधी मोरेमी अभयारण्याचं दक्षिणेचं फाटक. मग तिसऱ्या पुलापाशी दोन मुक्काम. तिथून क्वाई, मग माबाबेच्या पलीकडे वाळूचा तो मोठा चढ, सावुती, आणि चोबे नदीच्या कडेनं कासाने. तिथून सीमा ओलांडून ह्वांगे, आणि जमलंच तर पार लुआंग्वापर्यंत. कुठे टायरची हवा कमी करायची, कुठे पेट्रोलचा शेवटचा पंप, कुठल्या गोरखचिंचेखाली डबा खायचा, सगळं तोंडपाठ. माझ्या आयुष्यात रान म्हणजे त्यांच्या खाकी शर्टांतून धुतलेली धूळ. महिनामहिना ते आत असायचे आणि मग शर्टांचं गाठोडं घेऊन घरी यायचे. पण ते ऐकून ऐकून मला वाटायला लागलं, की मी जाऊन आलेलीच आहे.

आता खरंच जायचं ठरलंय. जुलैत, थंडीत, रान वाळलेलं असतं तेव्हा. मुक्कामाच्या जागांसाठी अर्ज केलाय. ह्वांगे आणि लुआंग्वा मी काढून टाकले. सीमेवरची विचारपूस नको वाटते.

आता मुद्द्याचं. गाडी कोण चालवणार? बाबांनी चालवायची नाही असं ठरलंय. डोळ्यांचं कारण समज. मला तर सायकलसुद्धा येत नाही. तेव्हा म्हटलं, तू आठ-दहा दिवसांची रजा काढशील का? तू वाळूत गाडी चालवायला त्यांच्याच हाताखाली शिकलास. ती विद्या विसरत नाही म्हणतात.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. क्वाईला त्या दिवशी जे झालं त्याविषयी मी आजवर तुझ्याशी बोलले नाही, त्यांच्याशीही नाही. आजही लिहीत नाही. मला फक्त ड्रायव्हर हवाय, आणि माझ्या ओळखीत तुझ्याइतका चांगला दुसरा नाही.

वारोनाला सांग, लेतेइसीचं निळं छापील कापड आलंय, तिच्या मापाचा झगा कापून ठेवलाय.

तुझी आई


माऊन,
३ जून

प्रिय मोत्सो,

आशीर्वाद. तुझा निरोप फोनवर वाचला. रजा मिळत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण त्याखाली तू आणखी एक ओळ लिहिलीस, की बाबांनी स्वतः विचारलं असतं तर बघितलं असतं.

ती ओळ मी बरेच दिवस मनात घेऊन हिंडले. तुझ्यावर रागावले नाही. तुझ्या जागी कोणीही तेच लिहिलं असतं. पण आता तुला खरं सांगायला हवं. बाबांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. ते अजून नदीपलीकडच्या झाडावरच्या घुबडाचा कान ओळखतात. ते तुला विचारत नाहीत, कारण त्यांना विचारता येत नाही, मोत्सो. कधी तू अजून शाळेत आहेस असं त्यांना वाटतं. कधी तू आहेस हेच नसतं त्यांच्याजवळ.

मला हे आमच्या संध्याकाळच्या सहलीतच कळलं. एके दिवशी चहा घेताना ते म्हणाले, सावुतीवरून मग क्वाई. मी म्हटलं, आधी क्वाई ना? ते हसले, हो हो, आधी क्वाई. मग एकदा आमची गाडी क्वाईच्या फाटकातून निघाली आणि परत माऊनलाच आली. पुन्हा क्वाई, पुन्हा माऊन. पुढे जाईचना. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पुढे काय आहे गं?" रानाविषयी त्यांनी मला काही विचारावं, हे आमच्या संसारात पहिल्यांदाच झालं. मी म्हटलं, पुढे माबाबे. ते म्हणाले, "बरोबर," जसं काही माझीच परीक्षा घेत होते.

मग एके सकाळी ते गुरांचं खाद्य आणायला गाडी घेऊन गेले आणि आले नाहीत. दुपारी दक्षिणेच्या फाटकावरून फोन आला. जुना खाकी शर्ट घालून ते तिथे उभे होते, पाहुण्यांचं विमान उतरलंय आणि गाडी अजून कशी आली नाही म्हणून रखवालदारांना रागावत होते. त्या पोरांनी त्यांना सावलीत बसवलं, चहा दिला, "बाबा, विमानाला उशीर आहे" असं सांगत राहिले. मी शेजारीण मासेथुन्याला घेऊन गेले. परत येताना ते मागच्या सीटवर बसले होते. माऊन जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "गालेब्वे, हे कुणाला सांगू नकोस हां." म्हणून मी तुलाही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, तेवढं तुझ्याजवळच ठेव.

त्या दिवसापासून गाडीच्या किल्ल्या मी मशीनच्या खणात ठेवते. रोज सकाळी ते विचारतात, लॉजवाल्यांनी गाडी कुठे ठेवली? मी म्हणते, गॅरेजमध्ये आहे. दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीण चांगली आहे, आपल्याच भागातली. ती म्हणाली, हे उलटं फिरणारं नाही, हळूहळू पुढेच जाईल. मी विचारलं, किती हळूहळू? तिनं नुसता माझा हात धरला.

म्हणून ही सहल, आणि म्हणून याच वर्षी. मला वाटतं, घरातल्या वस्तू त्यांच्या हातून निसटतायत, पण रान त्यांच्या आत फार खोल गेलेलं आहे. तिथे गेलो तर कदाचित थोडे दिवस तरी ते पूर्ण माझ्याजवळ येतील. वेडी आशा आहे म्हणशील. म्हण.

गाडीचं म्हणशील तर तुझी आई गाडी शिकते आहे! मासेथुन्या शिकवते. ती तिची टॅक्सी जशी चालवते तशीच बोलते, ब्रेक न लावता. पहिल्या दिवशी मी क्लच असा दाबत-सोडत राहिले, की ती किंचाळली, "अगं गालेब्वे, शिवणयंत्र आहे का ते? पाय काढ, नाहीतर गाडीला टाके पडतील!" पण आता नदीच्या कोरड्या पात्रातल्या वाळूत मी गाडी नेते आणि आणते. रुतली की उतरून टायरची हवा सोडते. परीक्षा देऊन परवानाही मिळाला. साहेबांनी वय विचारलं, मी सांगितलं, ते म्हणाले, आजी, आता कुठे निघालात? मी म्हटलं, सावुतीला. त्यांनी शिक्का मारून दिला.

तयारी होत आली. गाडीवर उघडणारा तंबू मासेथुन्याच्या भाच्याकडून आणला. पेट्रोलचे डबे, पाण्याचे डबे, दोन जास्तीची चाकं, वाळूत चाकाखाली सरकवायच्या पट्ट्या. उपग्रहावरचा फोन भाड्यानं घेतलाय, तेवढी अक्कल आहे मला. सीटना मी जाड कापडाची नवी खोळ शिवली. मांस कुटून, वाळवून ठेवलंय, ज्वारीचं पीठ बांधलंय. बाबा सगळं बघत असतात. काल त्यांनी एका डब्याचं झाकण पुन्हा घट्ट केलं आणि विचारलं, "कोण निघालंय?"

मी म्हटलं, आपण दोघं.

ते म्हणाले, "अरे वा."

तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण आता मागतही नाही. येता आलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच.

तुझी आई


माऊन,
९ ऑगस्ट

प्रिय मोत्सो,

आशीर्वाद. आम्ही परत आलो. तुझे चार फोन येऊन गेले, मासेथुन्याने सांगितलं. मी उचलले नाहीत. जे सांगायचं ते फोनवर सांगितलं असतं तर मधेच रडले असते आणि तुला अर्धंच कळलं असतं. नदीला पाणी आलंय. मुलं पुलावरून उड्या मारतायत, आणि मी शिवणं बाजूला ठेवून हे लिहिते आहे.

निघालो त्या सकाळी कडक थंडी होती. मी गाडी सुरू केली, बाबा शेजारी बसले. डांबरी रस्ता संपून माती लागली तसे ते सीटवर सरळ झाले. दक्षिणेच्या फाटकावर तीच पोरं होती. बाबा उतरले, सगळ्यांशी हात मिळवले, एकेकाच्या बापाचं नाव घेऊन चौकशी केली. एकही नाव चुकलं नाही. माझं काळीज भरून आलं. मग त्यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "ही माझी पाहुणी. माऊनचीच आहे, पण रान पाहिलेलं नाही बिचारीनं. स्वतः गाडी चालवायची म्हणते."

पोरं हसली, मीही हसले. मला वाटलं, थट्टा करतायत.

पण वाटेत मी त्यांना नेहमीसारखं तुझ्या नावावरून 'रा-गोमोत्सो', गोमोत्सोचे बाबा, म्हणून हाक मारली तेव्हा ते चमकून माझ्याकडे बघायला लागले. "तुम्ही माझ्या मुलाला ओळखता?" त्यांनी विचारलं. मी काहीतरी पुटपुटले. तिसऱ्या पुलापाशी मुक्कामाला पोचलो. त्यांनी तंबू उघडला, शिडी लावली, चूल पेटवली. सगळं इतक्या सराईत हातांनी, की मी बघतच राहिले. घरी शर्टाची बटणं मी लावून देते, मोत्सो. जेवणं झाल्यावर ते मला म्हणाले, "म्मा, तुम्ही वर झोपा. मी पुढच्या सीटवर झोपतो. काही आवाज आला तर घाबरायचं नाही, मी इथेच आहे." म्मा! बाजारात अनोळखी बाईला म्हणतात, तसं.

तेव्हा मला कळलं, की ही थट्टा नाही.

मी भांडी धुवायच्या निमित्तानं नळापाशी गेले आणि खूप रडले. राग आला. इतक्या लांब मी कुणासाठी आले? मला वाटलं होतं, रानात ते मला सापडतील. ते सापडले, पुरे सापडले, तरणेताठे, हुशार. मीच तिथे नव्हते. त्यांच्या रानात मी कधी नव्हतेच, तर आता कुठून असणार? सकाळी उठून परत फिरावं असं मनात आलं होतं.

पण सकाळी त्यांनी मला चहा आणून दिला आणि म्हणाले, "म्मा, चला, आज तुमचं नशीब चांगलं दिसतंय, रात्री सिंह ओरडले." त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता, की मला परत फिरा म्हणवेना. मी मनाशी म्हटलं, पाहुणी तर पाहुणी. ज्या माणसाला लोक साता समुद्रापलीकडून बघायला यायचे, तो मला मिळालाय. बघून घ्यावा.

मग आम्ही तसेच हिंडलो. मी गाडी चालवायची, त्यांनी वाट सांगायची. स्वतः गाडी हाकणारे पाहुणे त्यांना कधी आवडले नाहीत, हे तुला माहीतच आहे. पहिल्या खड्ड्यातच त्यांनी ऐकवलं, "आजकाल लोकांना वाटतं, गाडी भाड्यानं घेतली की रान आलं." पण पुढे म्हणाले, "तुमचा हात हलका आहे. शिवणकाम करता का?" मी म्हटलं, करते. ते म्हणाले, "माझी बायकोपण करते. तुमचं नाव काय?" मी खरं सांगितलं. ते खूप हसले. "तिचंपण हेच नाव. पण ती तुमच्यापेक्षा तरुण आहे, राग मानू नका."

मी राग मानला नाही.

क्वाईला नदीकाठी गाडी बंद करून बसलो होतो. पलीकडे पाणघोडे पडले होते, धनेश खिडकीशी येऊन पावाचे तुकडे मागत होता. मी विचारलं, बायकोला कधी इकडे आणलं नाहीत? अनोळखी बाई विचारते तसं विचारलं. ते पाण्याकडे बघू लागले. मग म्हणाले, की दर वर्षी ठरवतो. ती दिवसभर मशीनवर असते, तिची पाठ दुखते, पण ती कधी सांगत नाही, उठताना हात टेकते त्यावरून मला कळतं. मी घरी जातो तेव्हा तिला वाटतं मी फक्त जेवतो आणि झोपतो. पण मी पडल्या पडल्या मशीनचा आवाज ऐकत असतो. लॉजवर झोप लागत नाही तेव्हा तो आवाज आठवतो. असं बरंच काही बोलले. सगळं लिहीत नाही, थोडं माझ्यासाठी ठेवते. शेवटी म्हणाले, "हा हंगाम संपला की आणणार तिला."

मी म्हटलं, "आणा. तिला आवडेल."

"खरंच आवडेल?" त्यांनी विचारलं. "ती कधी म्हणाली नाही."

बघ मोत्सो, इतकी वर्षं मी गणवेशांचं कारण देत राहिले आणि ते हंगामाचं. दोघांनाही वाटत राहिलं, समोरच्याला यायचं नाही.

माबाबेच्या पुढच्या वाळूच्या चढावर मी गाडी रुतवली. त्यांनी उतरून टायरची हवा सोडली, फांद्या तोडून चाकांखाली घातल्या, आणि माझ्यावर न ओरडता, शांतपणे, एकेक गोष्ट सांगून मला बाहेर काढलं. मला तेव्हा तुझी आठवण झाली. म्हटलं, माझ्या पोराला असंच शिकवलं असेल. आणि मग वाटलं, त्या एका दिवशीच का नाही?

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी हे पत्र आहे.

सावुतीला पोचलो त्या संध्याकाळी मी नळापाशी ताटं धूत होते. तिथले हत्ती नळाचं पाणी ओळखतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाठीमागे काही वाजलं नाही. नुसता वास आला, ओल्या गुरांसारखा. वळून बघितलं तर हत्ती माझ्यापासून आपल्या अंगणाच्या रुंदीइतका लांब होता. मोठा, एकटा नर. माझ्या हातातलं ताट पडलं. पाय आपोआप वळले.

"म्मा," बाबांचा आवाज आला, अगदी हळू. "पळायचं नाही. त्याच्याकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चालत आले, घाई नाही, आणि माझ्या नि हत्तीच्या मधे उभे राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं ते त्याच्याशी बोलायला लागले. म्हणाले, पाणी तुझंच आहे, आम्ही निघालोच, तू पी. हत्तीनं कान हलवले. मग सोंडेनं नळाखालचं पाणी ओढलं, पोटभर प्याला आणि निघून गेला. तोवर आम्ही तसेच उभे होतो.

त्यांनी मला चुलीपाशी बसवलं, साखर जास्त घालून चहा केला. त्यांनी विचारलं, "पळावंसं वाटलं ना?"

"वाटलं," मी म्हटलं.

"सगळ्यांना वाटतं." मग ते चुलीतलं लाकूड उगाच हलवत राहिले. "माझा मुलगा पळाला होता. माझ्याच हाताखाली शिकत होता. क्वाईला, पाहुण्यांना घेऊन पायी निघालो होतो, हत्ती आला आणि तो पळाला. हत्ती त्याच्या मागे धावला, मग सोडून दिलं त्यानं. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, हा माझा नाही. पाहुण्यांसमोर, लॉजच्या पोरांसमोर."

मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

"तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा मीही पळालो होतो," ते म्हणाले. "माझ्या गुरूनं पाहुण्यांना सांगितलं, की मीच त्याला गाडी आणायला पिटाळलं. माझी लाज झाकली त्यानं. मला माझ्या पोराची झाकता आली असती. पण तो हत्ती त्याच्या मागे लागला ना, तेव्हा मला वाटलं, गेला. आमची पहिली मुलगी लहानपणीच गेली, त्यानंतर हा झाला. म्हणून त्याचं नाव सांत्वन ठेवलं, गोमोत्सो. मला वाटलं, हाही गेला. आणि तो जिवंत परत आला तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. का निघालं, मला कळत नाही. इतके हत्ती पाहिले, म्मा, पण त्याच्या दारात जाऊन उभं राहायची हिंमत झाली नाही."

मग त्यांनी विचारलं, "तुमचं गाबोरोनेला जाणं होतं का कधी?"

मी म्हटलं, होतं.

"भेटला तर सांगाल? सांगा, तू पळालास म्हणून जिवंत राहिलास. मला दुसरं काहीच नको होतं. हे त्याच दिवशी सांगायचं होतं."

मी म्हटलं, सांगेन. त्यांनी डाव्या हातानं उजवं कोपर धरून माझा हात हातात घेतला, मोठ्या माणसाशी घेतात तसा, आणि आभार मानले.

हे माझं नाही, मोत्सो. मला हे त्यांनी बायको म्हणून सांगितलं नाही. बायकोला ते कधीच सांगू शकले नव्हते. कुणा पाहुणीच्या हाती तुझ्यासाठी दिलं, आणि मी ते तुला दिलं. त्यात माझा एक शब्द घातलेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. चोबेच्या काठानं कासानेला पोचलो. नदीत हत्ती पोहत होते, मी ते बघितलं, पण मन तिथे नव्हतं. कासानेच्या पेट्रोल पंपावर बाबा उतरले, आपली पिशवी काढली आणि म्हणाले, "तुमचा प्रवास इथे संपला. मला आता कॅम्पवर परत जायला हवं, दुसरे पाहुणे येतील." मी समजावलं, ऐकेनात. पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. शेवटी मी म्हटलं, मला एकटीला माऊनपर्यंत जायची भीती वाटते, पोचवाल का? तेव्हा लगेच गाडीत बसले. वाटभर खिडकीबाहेर बघत राहिले. दमले होते. रान मागे पडत गेलं तसा तो उजेडही गेला. घराच्या फाटकाशी त्यांनी विचारलं, "इथे कोण राहतं?"

तेव्हापासून ते अंगणात पाहुण्यासारखे बसतात. पाणी दिलं तर आभार मानतात. कधी विचारतात, या घरची बाई कुठे आहे? मी म्हणते, येईल, बाजारात गेली आहे. "तिला सांगा, दिखांग वाट बघतोय," ते स्वतःचं नाव घेऊन म्हणतात. कधी तेही विचारत नाहीत. काल मी मशीन चालवत होते तेव्हा ते उठून आले आणि डोळे मिटून शेजारी उभे राहिले. मी बराच वेळ मशीन थांबवलं नाही. कापड संपलं तरी नुसती सुई चालवत राहिले.

तू ये. तुझ्या रागाचं काय करायचं ते तू ठरव, मी काही सांगत नाही. पण आलास तर एक कर. दारातून आत येऊन "बाबा, मी गोमोत्सो" असं म्हणू नकोस. ते गोंधळतील आणि मग त्यांना लाज वाटेल. त्यांची ती लाज मला बघवत नाही. जवळ बस. ते तुला विचारतील, कुठून आलात, पहिल्यांदाच आलात का? हो म्हण. मग त्यांना मोरेमीची वाट विचार. जमेल तेवढी सांगतील. जिथे अडतील तिथे तू पुढचं सांग, तुला येते ती वाट.

लवकर ये, एवढंच म्हणते.

खाली नाव लिहिते आहे. हे नाव ते दिवसातून कितीदा तरी घेतात, पण मला उद्देशून नाही.

तुझी आई,
गालेब्वे